बर्निंग स्पिअर प्रत्यक्ष ऐकला, मामासोबत

दापोलीकरीण

खूप दिवसांपासून लिहायचं मनात होतं. इथे शास्त्रीय मैफिलींचे धागे निघतात, गझलेचे निघतात, रॉकचेही निघतात. रेगेवर, म्हणजे जमैकातल्या त्या संगीतावर, मात्र मला काही सापडलं नाही, म्हणून हा नवीन धागा. तुमच्या आवडत्या रेगे गायकाला तुम्ही प्रत्यक्ष ऐकलं असेल तर जरूर लिहा. सुरुवात मी करते, जरा लांबण लागेल.

माझा मामा बोटीवर होता, इंजिनरूममध्ये मोटरमन. १९८३ साली त्याची बोट बॉक्साइट भरायला जमैकाला लागली, डिस्कव्हरी बे नावाच्या बंदरात. धक्क्यावर उतरल्यावर त्याला सगळ्यात आधी दिसली ती लाल धूळ. अजूनही सांगतो, "गो बाय, माती बघितली नि वाटलं गावच्या सड्यावरच आलो." दापोलीकडच्या जांभ्यातही बॉक्साइट सापडतं, त्यामुळे त्याला तसं वाटलं यात नवल नाही. बंदराबाहेरच्या एका दुकानात बाहेर मोठा स्पीकर लावलेला होता. मामा त्या स्पीकरपाशी थांबला तो गाणं संपेपर्यंत. दुकानदाराने त्याला एक कॅसेट भरून दिली. वर निळ्या पेनने एकच शब्द, 'स्पिअर'.

डिस्कव्हरी बे ज्या परगण्यात आहे तो सेंट ॲन. काळ्या लोकांचे पुढारी मार्कस गार्वी यांचा जन्म याच परगण्यातला, १८८७ चा. रेगेचा गाजलेला गायक बॉब मार्लीही इथलाच, फेब्रुवारी १९४५. आणि त्यानंतर महिन्याभरातच, १ मार्च १९४५ ला, याच परगण्यातल्या सेंट ॲन्स बे गावात विन्स्टन रॉडनी जन्मला. तोच बर्निंग स्पिअर. मामाला तेव्हा यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्याला तो आवाज आवडला, बस्स.

मामा सुट्टीवर आला की ती कॅसेट आमच्या आजोळच्या ओटीवर वाजायची. माझे आजोबा गावच्या भजनात पखवाज वाजवायचे. त्यांनी डोळे मिटून एक बाजू पुरी ऐकली आणि म्हणाले, "बुवा चांगला आहे. झीलकरी पण चांगले आहेत." मी सात-आठ वर्षांची होते. इतक्या वर्षांत स्पिअरबद्दल बरंच वाचलं, पण आजोबांच्या त्या दोन वाक्यांइतकं नेमकं मला कुठे मिळालं नाही. कारण तो गातो तसाच, बुवासारखा. एक ओळ घेतो, मागचे ती उचलतात, तो पुन्हा तीच ओळ जराशी वळवून टाकतो. शब्द थोडे. गुलामीचे दिवस आठवतात का, हा एकच प्रश्न तो एका गाण्यात फिरवून फिरवून विचारतो. आठव्या-दहाव्या वेळी त्या प्रश्नाचं वजन पहिल्या वेळेसारखं राहिलेलं नसतं.

आता मुख्य गोष्ट. मी लंडनला राहते. मधली काही वर्षं स्पिअरने मंचावर येणं थांबवलं होतं. २०२२ मध्ये तो पुन्हा दौऱ्यावर निघाला. नंतर एका उन्हाळ्यात मामा आमच्याकडे आला होता आणि त्याच सुमारास स्पिअरचा कार्यक्रम असल्याचं कळलं. मी दोन तिकिटं काढली, पण मनातून धास्ती होती. मामाचे कान गेलेत. तीस वर्षं इंजिनरूममध्ये काढली, त्यातली सुरुवातीची बरीच कानाला काही न लावता. त्याला आता बारीक, वरचे आवाज ऐकू येत नाहीत. पक्षी नाही, कुकरची शिट्टी नाही, फोनवरचं बोलणं अर्धंच. घरी मी तीच गाणी मोबाइलवर लावली तर म्हणाला, "काहीतरी खरखरतंय, दुसरं काही नाही." त्या दिवशी मला फार वाईट वाटलं होतं. ज्याने मला हे गाणं दिलं त्यालाच ते उरलं नव्हतं.

आम्हाला पोचायला उशीर झाला, मामाचे गुडघे दुखत होते. दारावरच्या एका मुलीने ते ओळखलं आणि आम्हाला बाजूच्या लाकडी कठड्यापाशी नेऊन मामाला खुर्ची दिली. आधीच्या मंडळींचं वाजवून झालं होतं. मग दिवे गेले, ब्रास सुरू झालं आणि त्यावर बेस आला.

त्या बेसबद्दल कितीही लिहिलं तरी कमीच. मी पस्तीस-चाळीस वर्षं ही गाणी कॅसेटवर, सीडीवर, हेडफोनवर ऐकली आहेत. बेस मला माहीत आहे अशी माझी समजूत होती. तिथे तो पायाखालच्या फळ्यांतून वर आला. पोटरीत, मग पोटात, मग बरगड्यांत. माझ्या पाण्याच्या बाटलीतलं पाणी गोल गोल थरथरत होतं. मी मामाकडे बघितलं. त्याने दोन्ही पंजे कठड्यावर पालथे टेकवले होते, बोटं पसरून. इंजिनाच्या अंगावर हात ठेवून ते बरोबर चालतंय का बघतात, तसे. त्याचे डोळे मिटलेले होते. मग माझ्या कानाशी येऊन ओरडला, "स्लो अहेड! मेन इंजिन स्लो अहेड असलं की अस्संच वाजतं!" म्हणजे बोट हळूहळू पुढे जात असताना.

आणि स्पिअर. पांढरी दाढी, वय ऐंशीच्या घरात, चालणं सावकाश. पहिल्या दोन गाण्यांत आवाज जरा दबलेला होता, ते खरं सांगायला हवं. मग तो कोंगांपाशी, म्हणजे हाताने वाजवायच्या त्या उंच ढोलांपाशी गेला. उभ्याने, दोन्ही हातांनी वाजवायला लागला आणि जवळजवळ दहा मिनिटं गायलाच नाही. मागे ट्रम्पेट-ट्रॉम्बोनवाले एकच सुरावट धरून. कॅसेटवरचं चार मिनिटांचं गाणं तिथे पंधरा मिनिटांचं झालं, आणि ते तसंच असायला हवं होतं हे मला तेव्हा कळलं. कोंगांवरून परत माइकशी आला तेव्हा आवाज पुरता मोकळा झालेला. गार्वीचं गाणं सुरू झालं तर आमच्या शेजारच्या सत्तरीच्या जमैकन आजी उजवा हात छातीवर ठेवून उभ्या राहिल्या. आपण राष्ट्रगीताला राहतो तशा.

शेवटी शेवटी प्रश्नाचं ते गाणं आलं. सभागृह झील ओढत होतं. मामाला शब्द ऐकू येत नव्हते, पण जागा माहीत होत्या. तो बरोबर जागेवर ओरडत होता. चाळीस वर्षं तोंडपाठ.

ती कॅसेट अजून आहे, त्याबद्दल खाली प्रतिसादात लिहीन. तुमचे अनुभव येऊ द्यात.

---

मंद्रसप्तक

काय लिहिलंय! कठड्यावरचे पंजे डोळ्यांसमोर उभे राहिले.

मी पुण्यात बेस वाजवतो, त्याआधी दहा वर्षं तबला शिकलो, म्हणून थोडं तालाबद्दल. आपला कान समेसाठी, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेसाठी, तयार झालेला असतो. कुठेही भटका, समेवर या. रेगेत ज्याला वन ड्रॉप म्हणतात त्यात ड्रमर पहिल्या मात्रेवर काहीच वाजवत नाही. चारांतली पहिली मात्रा मोकळी. जोर येतो तिसऱ्यावर, किक आणि स्नेअर एकत्र. गिटारची ती तुटक चाप दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. सुरुवातीचे सहा महिने मी समेवर आपसूक ठोकायचो आणि सगळी हवा जायची. मार्लीच्या वेलर्स बँडचे दोन बॅरेट बंधू, कार्लटन ड्रमवर आणि ॲस्टन बेसवर, यांचं ऐकून ऐकून मग हात थांबायला शिकला. ती मोकळी जागा बेस भरतो, किंवा मुद्दाम भरत नाही.

आणि म्हणूनच हे संगीत मोबाइलवर ऐकून कळत नाही. मोबाइलच्या स्पीकरला बेसचा तळ वाजवताच येत नाही. मामांना खरखर ऐकू आली कारण त्या डबीतून येणारे बहुतेक आवाज त्यांना ऐकू न येणाऱ्या पट्टीतले. सभागृहात त्यांना जे मिळालं ते मोबाइलवर चांगल्या कानांच्या माणसालाही मिळत नाही.

---

सांजवारा

छान धागा. रेगे म्हणजे मार्ली एवढंच माहीत आहे, टी-शर्टवरचा. स्पिअरचं नक्की कुठून सुरू करू?

आणि एक शंका, राग मानू नका. लेक सोळा वर्षांची आहे, तिला हे आवडतं, पण अशा कार्यक्रमांत गांजाचा धूर असतो असं ऐकलंय. तिला घेऊन जावं का?

---

दापोलीकरीण

@मंद्रसप्तक, 'हात थांबायला शिकला' हे फार आवडलं. मामाला वाचून दाखवलं.

@सांजवारा, राग कसला? बंद सभागृहात मला त्रास झाला नाही, उघड्यावरच्या महोत्सवात वास येतो. लेकीला न्या, सोबत जा. रास्ताफारी, म्हणजे जमैकातल्या त्या पंथाच्या लोकांसाठी ती धर्माची गोष्ट आहे, बाकीच्यांसाठी नाही, हा फरक तिला सांगून ठेवा म्हणजे झालं.

सुरुवात १९७५ च्या 'मार्कस गार्वी' या अल्बमपासून करा. ओचो रिओसच्या जॅक रूबीने काढलेला. इंग्लंडच्या कंपनीने तो तिकडच्या कानांना रुचावा म्हणून पुन्हा मिक्स केला, ते स्पिअरला पटलं नाही आणि त्याने स्वतःचं लेबल काढलं. त्यानंतर १९७७ चा 'लाइव्ह' ऐका. लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये ध्वनिमुद्रित झाला, साथीला इथल्याच कॅरिबियन मुलांचा अस्वाद हा बँड. टी-शर्टवरच्या मार्लीशीही त्याचा धागा आहे. १९६९ मध्ये सेंट ॲनच्या डोंगरात मार्ली गाढवावर रोपं लादून शेताकडे निघालेला असताना या दोघांची गाठ पडली. गायचंय म्हटल्यावर मार्लीने त्याला किंग्स्टनच्या स्टुडिओ वनला जायला सांगितलं. स्पिअर गेला आणि पहिल्याच खेपेत गाणं झालं.

---

बंदरावरचा

गांजाचा विषय निघालाच आहे तर एक माहिती. हा शब्द जमैकात आपल्याकडूनच गेला. १८४५ मध्ये कलकत्त्याहून पहिलं गिरमिटियांचं जहाज तिथे लागलं आणि १९१७ पर्यंत सुमारे ३६ हजार भारतीय मजूर उसाच्या आणि केळीच्या मळ्यांत नेले गेले. बहुतेक उत्तर प्रदेश, बिहारकडचे. शब्द गेला, रोटी गेली, करी गेली. किंग्स्टनला मी तीन वेळा उतरलोय, तिथे बकऱ्याच्या रश्श्याला करीच म्हणतात आणि लग्नात तोच लागतो.

तुमच्या मामांना माझा नमस्कार सांगा. स्लो अहेड वाचून अंगावर काटा आला. मीही इंजिनवालाच.

---

निळी_पहाट

धागा वाचून लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

तुमच्या आजोबांना स्पिअरमध्ये भजनी बुवा दिसला. माझ्या वडिलांना त्याच्यात जलसा दिसला असता. आमच्या वस्तीत १४ एप्रिलला रात्रभर भीमगीतं व्हायची, वामनदादा कर्डकांची गाणी गाणारी मंडळी यायची. ढोलकी, पेटी, एक खडा आवाज आणि मागे कोरस. गाण्यातून इतिहास सांगायचा, माणसाचं नाव पुन्हा पुन्हा घ्यायचं, म्हणजे ते पोराबाळांच्या तोंडी बसतं. गार्वींचं नाव शाळेच्या पुस्तकांतून मागे पडत चाललं होतं तेव्हा स्पिअरने ते गाण्यात घेतलं, आणि एकदा नाही, अल्बममागून अल्बम. आमच्याकडे बाबासाहेब घराघरांत पोचले त्यात पुस्तकांइतकाच गाण्यांचा हात आहे.

एक गोष्ट माझ्या मनात कायम घोळते. गार्वी मार्च १९१६ मध्ये न्यू यॉर्कला उतरले आणि हार्लेममध्ये राहिले. बाबासाहेब १९१३ पासून कोलंबिया विद्यापीठात होते आणि १९१६ च्याच उन्हाळ्यात लंडनला निघाले. विद्यापीठ आणि हार्लेम शेजारी शेजारी. दोघे भेटले असं मी म्हणत नाही. पण ते काही आठवडे दोघेही त्याच रस्त्यांवर होते, हा विचार मला सोडत नाही. पुढे १९७२ मध्ये मुंबईत पँथर उभी राहिली तेव्हा नाव अमेरिकेतल्या काळ्या पँथरांवरून घेतलं, हे तर सगळ्यांना ठाऊकच आहे.

मी स्पिअरला प्रत्यक्ष ऐकलेलं नाही. पण छातीवर हात ठेवून उभ्या राहिलेल्या त्या आजी मला ओळखीच्या वाटल्या. आमच्याकडे अशा आज्या खूप आहेत.

---

दापोलीकरीण

@निळी_पहाट, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. मी 'बुवा' म्हणून थांबले होते, पण बुवा देवाचं नाव घेतो आणि स्पिअर माणसाचं घेतो. तुमची तुलना जास्त जवळची आहे. गार्वी १९४० मध्ये लंडनला वारले, इथेच पुरले होते. १९६४ मध्ये त्यांना जमैकाला परत नेलं आणि देशाचा पहिला राष्ट्रवीर म्हणून मान दिला. आता लक्षात येतं, की त्या आजी लंडनमध्ये उभ्या राहून काय ऐकत असतील.

---

मांडवीकाठ

गोव्यातून. आमच्याकडे २०१६ पासून गोवा सनस्प्लॅश हा रेगे महोत्सव सुरू झाला, त्यात मी दोनदा गेलो. गायकाइतकंच मला तिथलं साउंड सिस्टीमचं प्रकरण आवडलं. दिल्लीच्या मंडळींनी जमैकन पद्धतीने हाताने बनवलेली कपाटाएवढी स्पीकरची भिंत. जमैकात पन्नाशीच्या दशकापासून लोक बँड परवडत नाही म्हणून अशा सिस्टीमभोवती अंगणात, रस्त्यावर नाचत आलेत. रेकॉर्ड लावणारा एक, माइकवर बोलणारा एक. स्पीकरसमोर दहा हातांवर उभं राहिलो तर शर्ट हलत होता. शेजारी एक मूकबधिर जोडपं होतं, स्पीकरला पाठ लावून नाचत होतं. तुमच्या मामांचं वाचताना तेच आठवलं.

---

उशिरा_पोचलेला

माझा अनुभव उलटा आहे, तोही नोंदवतो. ज्या गायकासाठी कॉलेजात असताना जीव टाकायचो त्याला परदेशात ऐकायला विमानाचं तिकीट काढून गेलो. नाव घेत नाही. दोन तास उशिरा आला, चाळीस मिनिटं गायला, त्यातलं अर्धं आधीच ध्वनिमुद्रित केलेलं. परतताना हॉटेलवर मी रडलो होतो. त्यानंतर दोन वर्षं त्याचं एकही गाणं लावलं नाही.

तुमच्या स्पिअरनेही पहिली दोन गाणी दबल्या आवाजात गायली, असं तुम्ही लिहिलंत. तरी तुम्हाला राग आला नाही. का?

---

दापोलीकरीण

@उशिरा_पोचलेला, वाचून फार वाईट वाटलं. तुमचा राग रास्त आहे.

माझ्यापुरतं सांगते. तो आमच्यासमोर मेहनत करत होता. आवाज लागत नाही हे त्याला कळलं, म्हणून तो कोंगांवर गेला, अंग तापवलं, वाट बघितली आणि मग परत आला. गावच्या भजनातही बुवाचा आवाज पहिल्या अभंगात बसलेला नसतो, पखवाजवाला त्याला सांभाळून घेतो आणि सगळे थांबतात. ज्याने आवाज विकतच आणला, त्याच्यासाठी कोण कशाला थांबेल?

---

जुनी_टेप

ताई, त्या कॅसेटचं काय झालं? चाळीस वर्षांची आहे, तर कृपा करून सरळ वाजवायला घेऊ नका. आतला नमदा, म्हणजे टेप हेडवर दाबणारा तो छोटा चौकोन, बहुतेक सुटलेला असेल. कॅसेटला स्क्रू असतील तर नशीब, उघडता येईल. चिकटवलेली असेल तर पात्याने सांधा उकलावा लागतो. त्याच मापाच्या एखाद्या चांगल्या कॅसेटचं कवच घ्या, दोन्ही रिळं हलक्या हाताने त्यात बसवा. प्लेअरचं हेड स्पिरिटने पुसा. एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे गुंडाळून घ्या, म्हणजे चिकटलेले वेढे सुटतील. आवाज बसका वाटला तर हेडच्या शेजारचा स्क्रू अगदी कणभर फिरवून बघा, वरचे स्वर उघडतात. आणि पहिल्याच खेपेला संगणकावर उतरवून घ्या, दुसरी खेप मिळेलच असं नाही.

---

दापोलीकरीण

@जुनी_टेप, तुमचे उपकार कसे फेडू?

कॅसेटची एक गोष्ट वर लिहायची राहिली होती. १९८४ च्या गणपतीत मामाकडे कोरी कॅसेट नव्हती. त्याने हीच लावली आणि दुसऱ्या बाजूवर आमच्या ओटीवरचं भजन भरून घेतलं. पखवाजावर आजोबा. त्यानंतर दोन वर्षांनी आजोबा गेले. त्यांच्या वाजवण्याचा दुसरा तुकडा आमच्याकडे नाही. म्हणून मी ती कॅसेट वीस वर्षं कपाटातून काढली नव्हती.

तुमचा प्रतिसाद आला त्या रात्री मामाला दापोलीला व्हिडिओ कॉल लावला. कॅसेट आता इथे माझ्याकडे, हत्यारं माझी, पण हुकूम त्याचे. चार स्क्रू होते. नमदा सुटून तळाशी पडला होता. मी चिमट्याने रिळं उचलली तर तिकडून तो ओरडतोय, "सावकाश, सावकाश गो, बेअरिंग बसवतेस असं समज." दोनदा गुंडाळली. मग लावली.

भजन अठरा मिनिटांचं आहे. कुणीतरी खोकतं, कुणीतरी चहा आला म्हणून सांगतं, पेटीची एक पट्टी बसते. आजोबांचा हात एकदम स्वच्छ ऐकू येतो, विशेषतः डाव्या पुडीचा तो खोल घुमारा. मी मोठा स्पीकर जमिनीवर ठेवला होता. मामाला फोनवरून यातलं काही पोचणार नव्हतं, म्हणून त्याला सगळं बोलून सांगत होते, आता गजर चढला, आता टाळ वाढले, आता आजोबा दुगणीत गेले. तो मान हलवत होता आणि मांडीवर ताल धरत होता, आणि ताल बरोबर होता.

गजर शेवटाला आला, "विठ्ठल" अर्ध्यावर असताना टेपचं बटण दाबल्याचा खटका, आणि लगेच, मधे श्वासाचीही जागा न सोडता, ट्रॉम्बोन. स्पिअरचं गाणं, अर्ध्यातूनच सुरू. मामाने तिकडे माझा चेहरा बघितला आणि विचारलं, "आला काय तो?"

मी म्हटलं, आला.

फाइल संगणकावर उतरवली आहे. पुढच्या महिन्यात दापोलीला जातेय, मोठा स्पीकर सोबत नेते आहे. ओटीवर लाकडी बाक अजून तोच आहे.

---

बंदरावरचा

बाकावर बसवू नका, बाकाला हात लावून बसू द्या. स्पीकर बाकाच्या पायाशी ठेवा.

---

दापोलीकरीण

तसंच करते, काका.